गाय ठरवील तो चौकोन

मैदानावर चुन्याने चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाला आकडा असतो. गावाने ते आकडे आधीच विकत घेतलेले असतात. ठरल्या वेळी एक गाय आत सोडतात, फाटक लावून घेतात आणि सगळे कुंपणाला रेलून उभे राहतात. गाय ज्या चौकोनात शेण टाकील, त्याचा मालक जिंकला. शेण रेघेवर पडलं तर पंच वाकून मापं घेतात. ज्या बाजूला जास्त, तो आकडा खरा. वेळ संपली आणि गायीने मनावर घेतलंच नाही, तर चिठ्ठी काढतात. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियापासून जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्सच्या खेड्यांपर्यंत हा खेळ चालतो. कधी शाळेच्या वाद्यवृंदासाठी, कधी बालवाडीच्या झोपाळ्यासाठी, कधी मुलांच्या इस्पितळासाठी.

हिशेब सोपा आहे. समजा 400 चौकोन आणि एकेकाचे 100 रुपये. 40,000 जमले, निम्मे बक्षिसाला गेले, थोडे चुना, दोरी आणि गाय आणण्या-नेण्याला. तरी अठरा-एकोणीस हजार शाळेच्या हाती राहतात. याच लोकांच्या दारात पावतीपुस्तक घेऊन गेलं असतं तर निम्म्या घरांनी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं असतं. गायीला मात्र कुणी पुढची तारीख देत नाही.

असं का होतं, याचं नेहमीचं उत्तर ‘मजा’ हे आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. मुलांसाठी पैसे जमवताना प्राण्यांना पुढे करण्याची रीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. कुत्रा, गाय, बदक, डुक्कर, गाढव, मेंढी असे बरेच जण या कामाला जुंपले गेले आहेत. तो सगळा पसारा एकत्र पाहिला की वाटतं, प्राणी पैसे खेचतो यापेक्षा त्याचं मोठं काम वेगळं आहे. तो मुलाच्या पुढे उभा राहतो. देणाऱ्याची नजर त्याच्यावर जाते आणि ज्या मुलासाठी हे सगळं चाललेलं असतं, ते दयेच्या प्रदर्शनातून सुटतं. आता हा आडोसा कोणाच्या जिवावर उभा करायचा, हा पुढचा प्रश्न.

पाठीवर पेटी बांधलेला जिम

लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव रेल्वे स्थानकात पाच क्रमांकाच्या फलाटावर काचेच्या कपाटात एक कुत्रा आहे. त्याचं नाव जिम. 1890च्या दशकात तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या विधवा आणि अनाथ निधीसाठी पैसे गोळा करायचा. पाठीवर पट्ट्याने पेटी बांधलेली असे. नाणं पडलं की तो भुंकायचा, तीच पावती. एका मिरवणुकीत त्याच्या पेटीत 265 नाणी पडल्याची नोंद आहे आणि त्यातली बहुतेक तांब्याची होती. म्हणजे देणारे मोठे लोक नव्हते. 1896 मध्ये तो तरुणपणीच मेला, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्याच्या देहात पेंढा भरवला आणि त्याला फलाटावर ठेवलं.

जिम एकटा नव्हता. वॉटर्लू स्थानकावर ‘लंडन जॅक’ या एकाच नावाचे एकामागून एक कुत्रे हे काम करत होते. विम्बल्डनचा लॅडी हा एअरडेल जातीचा कुत्रा 1956 मध्ये निवृत्त झाला, तोवर त्याने वोकिंगच्या रेल्वे कामगार वसतिगृहासाठी पाच हजार पौंडांहून अधिक रक्कम जमवली होती. तो आज यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे.

ही प्रथा रेल्वेतच का रुजली? एक तर फलाटावर माणसं वाट पाहत उभी असतात, हाताला काम नसतं आणि तिकिटातून उरलेली मोड खिशात असते. दुसरं कारण कडवट आहे. रेल्वेचं काम जीवघेणं होतं. डबे जोडताना, रूळ दुरुस्त करताना माणसं मरत आणि मागे लहान मुलं उरत. मालकाची चूक सिद्ध केल्याशिवाय कुटुंबाला भरपाई मिळणं अवघड होतं. कामगार भरपाईचा कायदा इंग्लंडमध्ये 1897 साली आला, जिम मेला त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर जे कंपनीने द्यायला हवं होतं, त्याचा काही भाग कुत्रा तांब्याच्या नाण्यांत गोळा करत होता. हसत-खेळत निधी उभारण्याच्या प्रत्येक प्रकाराला हा प्रश्न चिकटलेला आहे: हे पैसे मुळात कोणी द्यायचे होते?

चेहरा कुणाचा दाखवायचा

जिमची पेटी भरू लागली त्याच्या आधीपासून मुलांसाठी पैसे मागण्याची दुसरी रीत जोरात होती, ती छायाचित्रांची. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये अनाथ मुलांसाठी घरं काढणाऱ्या टॉमस बर्नार्डो यांनी 1870च्या दशकात ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडचित्रांची कार्डं विकली. एका चित्रात फाटक्या कपड्यांतलं मूल, दुसऱ्यात तेच मूल स्वच्छ, कामाला लागलेलं. मुलं आली तेव्हा होती त्याहून दीनवाणी करून दाखवली जातात, असा आरोप झाला. 1877 मध्ये प्रकरण लवादापुढे गेलं. संस्थेचं काम खरं होतं, ते टिकलं. पण ही बनावट चित्रं लवादाला रुचली नाहीत.

पुढच्या शतकात दुष्काळ आणि युद्धांच्या आवाहनांत हीच रीत पोट फुगलेल्या, डोळ्यांवर माश्या बसलेल्या मुलांच्या चित्रांपर्यंत पोचली. 1981 मध्ये यॉर्गेन लिस्नर यांनी एका गाजलेल्या लेखात मदतसंस्थांना दुःखाचे व्यापारी म्हटलं. मुलाचं उघडं दुःख असं चव्हाट्यावर मांडणं अश्लीलतेच्या जवळ जातं, हे त्यांचं म्हणणं होतं. 1989 मध्ये युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी चित्रं आणि संदेश यांसाठी आचारसंहिता स्वीकारली. नियम झाले, मोह गेला नाही. रडणारा चेहरा पैसे आणतो, हे प्रत्येक निधिसंकलकाला ठाऊक असतं.

बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ने या पेचातून काढलेली वाट पाहण्यासारखी आहे. 1980 पासून दूरचित्रवाणीवर हा वार्षिक कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि 1985 मध्ये त्याला एक बोधचिन्ह मिळालं: पड्झी नावाचं अस्वल. जोअॅना लेन या चित्रकर्तीने ते काढलं आणि आपल्या गावाचं नाव त्याला दिलं. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आहे. जखम दाखवायची होती, ती मुलाच्या अंगावर न दाखवता अस्वलाच्या अंगावर दाखवली. मग ब्रिटनभर मुलं आणि मोठी माणसं ठिपक्यांचे कपडे घालून, अस्वलाचे कान लावून, केक विकून पैसे जमवू लागली. या कार्यक्रमाची एकूण जमा अब्ज पौंडांपलीकडे गेली आहे. बर्नार्डोंच्या कार्डावरच्या मुलाला आणि पड्झीला शेजारी ठेवून पाहिलं की प्राणी या व्यवहारात काय करतो ते कळतं.

नशिबाचे खेळ

गायीच्या खेळाचा भाऊबंद म्हणजे बदकांची शर्यत. बदकं प्लास्टिकची, पोटाखाली क्रमांक लिहिलेली. लोक बदक ‘दत्तक’ घेतात, ठरल्या दिवशी हजारो बदकं पुलावरून नदीत ओततात आणि खालच्या अंगाला लावलेल्या जाळ्याशी जे पहिलं पोचेल ते जिंकतं. सिनसिनाटी शहरात ओहायो नदीवर 1995 पासून अशी शर्यत होते. तिचे पैसे फ्रीस्टोअर फूडबँक या अन्नपेढीला जातात. शाळेत जेवण मिळणाऱ्या गरीब मुलांची शनिवार-रविवारी उपासमार होऊ नये म्हणून ही अन्नपेढी शुक्रवारी त्यांच्या हाती खाऊची पिशवी देते. थेम्स नदीत 2009 मध्ये 2,05,000 बदकं सोडली गेली आणि गिनीजच्या पुस्तकात विक्रम नोंदला गेला.

या खेळांचं मर्म प्राण्याच्या बेफिकिरीत आहे. लिलावात पैसेवाला जिंकतो, क्रिकेटच्या सामन्यात खेळाडू जिंकतो, प्रश्नमंजूषेत पुस्तकी किडा. गायीपुढे सरपंच आणि तिसरीतली मुलगी सारखेच. गायीला लाच देता येत नाही. फार तर सकाळी जास्त चारा घालता येतो, पण शेण कुठल्या चौकोनात पडेल हे त्या चाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय हरणाऱ्याला हरल्यासारखं वाटत नाही. त्याचे पैसे ज्या कामाला जायचे तिथेच गेलेले असतात, वर तासभर गावाबरोबर उभं राहून हसायला मिळालेलं असतं. वर्गणी मागायला आलेल्यासमोर जी संकोचाची भिंत असते, ती इथे उभीच राहत नाही.

पण कायद्याच्या नजरेत हा खेळ लॉटरी आहे: पैसे द्यायचे, बक्षीस आहे, निकाल नशिबावर. ब्रिटनमध्ये 2005च्या जुगार कायद्याखाली अशा छोट्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संस्थेला स्थानिक प्राधिकरणाकडे नोंद करावी लागते आणि जमलेल्या रकमेतले किमान 20 टक्के संस्थेच्या उद्दिष्टासाठी वापरावे लागतात. हा आकडा लक्षात ठेवावा. 20 टक्के ही तळरेघ आहे. कायदा पाळूनही 100 पैकी 80 बक्षिसं, छपाई आणि खर्चात जाऊ शकतात. विनोदी कार्यक्रमाचा हिशेब विचारायला लोक लाजतात, म्हणून तो आपणहून द्यायला हवा. आणि नदीत ओतलेली बदकं मोजून परत काढली नाहीत, तर मुलांसाठी पैसे जमवून त्यांच्याच नदीत प्लास्टिक टाकल्यासारखं होतं.

मुख्याध्यापक आणि डुक्कर

अमेरिकेतल्या शाळांत आणखी एक प्रकार आवडता आहे. शिक्षकांच्या नावाच्या बरण्या ठेवतात. मुलं आपल्या नावडत्या, किंवा फार आवडत्या, शिक्षकाच्या बरणीत नाणी टाकतात. ज्याची बरणी जास्त भरेल त्याने सगळ्या शाळेसमोर डुकराच्या पिलाचा मुका घ्यायचा. इथे खेळाचं इंधन नशीब नव्हे, उलटापालट आहे: वर्षभर शिक्षा करणारा माणूस एका दिवसापुरता मुलांच्या ताब्यात येतो.

मधुमेहासाठी काम करणाऱ्या संस्थांनी हाच खेळ उचलला, त्यामागे इतिहास आहे. जानेवारी 1922 मध्ये टोरांटोत लेनर्ड टॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. मरणाच्या दारातून परतलेला तो पहिला रुग्ण. ते इन्सुलिन गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं होतं आणि पुढची साठ वर्षं जगभरचे मधुमेही गाय आणि डुक्कर यांच्या ग्रंथींवर जगले. 1982 मध्ये जीवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, तोवर लाखो मुलं या प्राण्यांमुळे मोठी झाली होती. त्यामुळे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या कार्यक्रमात एखादा उद्योजक डुकराचा मुका घेतो तेव्हा त्यात थोडं ऋणही असतं. असा धागा असला की खेळ अंगाला चिकटतो. नसला तर डुक्कर केवळ हसण्याचं सामान होतं. आणि डुक्कर हसत नसतं. पिलाला जमिनीवरून उचललं की ते किंचाळतं. शंभर मुलांच्या आरड्याओरड्यात, ध्वनिक्षेपकासमोर त्याला उंच धरणं हा त्याच्यासाठी खेळ नाही.

हसू कुठे थांबतं

इथून पुढची यादी अवघड आहे. अमेरिकन शाळांच्या व्यायामशाळांत गाढवांवर बसून बास्केटबॉल खेळण्याची जुनी प्रथा आहे. लाकडी जमीन खराब होऊ नये म्हणून गाढवांच्या खुरांना रबरी बूट घालतात, धडधाकट मोठी माणसं पाठीवर बसतात आणि हट्टी गाढवाला ओढणं-ढकलणं हाच विनोद असतो. पैसे शाळेच्या कामाला जातात. समोर बसलेली मुलं मात्र एक धडा फुकट घेऊन घरी जातात: चांगल्या कामासाठी दुबळ्याला ओढलं तर चालतं.

तेच गाढव दुसऱ्या हाती काय करू शकतं, हे इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात दिसतं. एलिझाबेथ स्वेन्डसन यांनी 1969 मध्ये तिथे गाढवांसाठी आश्रयस्थान काढलं आणि 1970च्या दशकात त्याला जोडून अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी गाढवावर बसण्याचं केंद्र उभं केलं. इथे मूल आणि गाढव दोघंही लाभार्थी आहेत. ब्लॅकपूलच्या चौपाटीवर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांसाठी तर नगरपालिकेचे नियम 1942 पासून आहेत: कामाचे तास ठरलेले, दुपारी जेवणाची सुट्टी आणि शुक्रवारी पूर्ण रजा. गाढवाच्या रजेवर आपण हसू, पण असे नियम लिहून ठेवले म्हणूनच ती चौपाटी इतकी वर्षं मुलांसमोर निर्धास्त उभी राहू शकली.

बक्षीस म्हणून जिवंत प्राणी देण्याचंही तसंच. जत्रेत चेंडू नेमका मारला की पिशवीतला सोनेरी मासा मिळायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2006च्या प्राणिकल्याण कायद्याने सोबत मोठं माणूस नसलेल्या 16 वर्षांखालच्या मुलाला असं बक्षीस देणं बेकायदा ठरवलं. स्कॉटलंडने तर बक्षीस म्हणून प्राणी देणं जवळपास बंदच केलं.

धोका एकतर्फी नसतो. 2009 मध्ये सरे परगण्यातल्या गॉडस्टोन इथल्या, मुलांना प्राणी हाताळू देणाऱ्या एका शेतावर ई. कोलाय जिवाणूच्या घातक प्रकाराची लागण झाली. बाधितांची संख्या 93 होती आणि त्यांत बहुतेक लहान मुलं होती. शेळी-कोकराला कुरवाळण्याचा आनंद खरा, पण बाजूला साबण आणि वाहतं पाणी नसेल तर मुलांच्या इस्पितळासाठी भरवलेली जत्राच मुलांना इस्पितळात धाडू शकते.

प्राणीच जेव्हा देणगी असतो

आतापर्यंतचे प्राणी पैसे आणून बाजूला होणारे. एक परंपरा अशी आहे की पैशांतून प्राणी घेऊन तोच मुलाच्या घरी पाठवायचा. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातले शेतकरी डॅन वेस्ट स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासित मुलांना दुधाच्या भुकटीचे पेले वाटत होते. पेला संपला की मूल पुन्हा रांगेत. पेल्याऐवजी गायच का देऊ नये, हा विचार तिथे आला. 1944 मध्ये 17 कालवडी प्वेर्तो रिकोला रवाना झाल्या आणि त्यातून आजची हेफर इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. कालवडच का? व्यायल्यावर दूधही मिळतं आणि वासरूही. अट एकच: होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. घेणारा अशा रीतीने देणारा होतो. आपल्याकडे शेळी वाट्याने पाळायला देण्याची रीत आहे, पण तिथे पिलांतला हिस्सा मूळ मालकाकडे परततो. इथे तो पुढच्या घरी जातो.

मुलांच्या खेळकरपणाला इथेही जागा मिळाली. शाळेतली मुलं जितकी पुस्तकं वाचतील तितके पैसे शेजारीपाजारी देतात आणि त्यातून कोंबड्या-शेळ्या पाठवल्या जातात. उत्तर इंग्लंडमधल्या मॅशम गावची मेंढ्यांची जुनी जत्रा 1986 मध्ये आफ्रिकेतल्या कुटुंबांना जनावरं देण्यासाठी पैसे हवेत म्हणूनच पुन्हा भरवली गेली आणि मेंढ्यांची शर्यत तिचं आकर्षण झाली.

मग नाताळच्या भेटवस्तूंच्या यादीत शेळी आली: मित्राला मोज्यांऐवजी आफ्रिकेतल्या कुणाला तरी मिळणाऱ्या शेळीचं कार्ड द्यायचं. 2006च्या नाताळाच्या सुमाराला ब्रिटनमध्ये यावर कडाडून टीका झाली. कोरड्या मुलखात आधीच चारा-पाणी कमी, तिथे आणखी जनावरं कशाला, असा पर्यावरणवाद्यांचा सवाल होता. दुसरी गोष्ट बारीक अक्षरात असते: अनेक संस्थांत तुमची शेळी प्रतीकात्मक असते, पैसे व्यापक कार्यक्रमात जातात. त्यात गैर काही नाही, पण ते ठळक अक्षरात सांगायला काय हरकत आहे? आणि या याद्यांत एक गोष्ट गुपचूप परत येते: शेळी कवटाळून हसणारं गरीब मूल. आडोसा निघून जातो आणि बर्नार्डोंचं ‘नंतर’चं चित्र पुन्हा समोर उभं राहतं.

फायबरचे प्राणी

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या खेळातून जिवंत प्राणी बाहेर पडत गेला. 1998 मध्ये झुरिकच्या रस्त्यांवर रंगवलेल्या फायबरच्या गायी उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी शिकागोने ती कल्पना उचलली, तीनशेहून अधिक गायी चित्रकारांकडून रंगवून शहरभर मांडल्या आणि नंतर काहींचा लिलाव केला. सुमारे 35 लाख डॉलर धर्मादाय कामांना मिळाले. गाय खरी नव्हती, म्हणून कोणाचा उत्साह कमी झाला नाही.

या प्रकाराची सगळ्यात नेटकी मांडणी ब्रिस्टलमध्ये झाली. वॉलेस आणि त्याचा शहाणा, मुका कुत्रा ग्रॉमिट यांचे मातीच्या बाहुल्यांचे चित्रपट करणारा आर्डमन स्टुडिओ याच शहरातला. मुलांच्या इस्पितळासाठी या दोघांच्या नावाने 1995 पासून निधी जमवला जात होता. 2013च्या उन्हाळ्यात 80 भव्य ग्रॉमिट शहरात ठिकठिकाणी उभे राहिले, प्रत्येक वेगळ्या कलाकाराने रंगवलेला. मुलं नकाशा हातात घेऊन आईवडिलांना ओढत एकेक ग्रॉमिट शोधत फिरली. त्या दिवसांत चहाची दुकानं, बसगाड्या, वस्तुसंग्रहालयं यांचाही धंदा झाला. शेवटी लिलावात 23 लाख पौंड जमले. पिक्सारने रंगवलेला एक ग्रॉमिट 65,000 पौंडांना गेला.

पैसा वाढला, प्राण्याला त्रास शून्य, आजारी मुलाचा एकही केविलवाणा फोटो नाही. तरी दोन गोष्टी हरवल्या. लिलावात पुन्हा पैसेवालाच जिंकतो. गायीपुढची ती बरोबरी गेली. आणि जिमच्या वेळचा प्रश्न तसाच राहिला. ब्रिटनमधली सरकारी इस्पितळं करातून चालतात. निधीतून मुलांच्या वॉर्डात खेळघर झालं, आईवडिलांना राहायला खोल्या झाल्या, तर ती भर आहे. पण तपासणीचं यंत्रसुद्धा कुत्र्याच्या पुतळ्यावर अवलंबून राहू लागलं, तर सरकारला जाब विचारायला हवा.

आपल्याकडे काय जमेल

महाराष्ट्रात प्राण्याने आडोसा होण्याची रीत जुनी आहे. नंदीबैलवाला दारात येतो, गुबुगुबू वाजतं, बैल मान हलवून ‘पाऊस पडंल का’चं उत्तर देतो आणि घरातून सुपातून धान्य येतं. मागणारा बैल असतो. त्यामागचं कुटुंब हात पसरताना दिसत नाही. पण बैलाच्या नाकात वेसण असते आणि त्याची पायपीट कुणी मोजत नाही, हेही तितकंच खरं.

आज एखाद्या बालगृहाने असा खेळकर निधी उभारायचा ठरवला, तर तीन कायदे समोर येतात. बाल न्याय अधिनियम, 2015चं कलम 74 काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. म्हणजे मुलांचे चेहरे छापून पैसे मागण्याची वाट कायद्यानेच अडवली आहे. दुसरा 1960चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा: तिकीट लावून लोकांसमोर प्राण्याचा खेळ करायचा किंवा त्यासाठी त्याला शिकवायचं, तर नोंदणी हवी, आणि अस्वल, माकड, वाघ, सिंह यांना तर या कामासाठी पूर्ण बंदी. बैलगाडा शर्यतींचा वाद 2014च्या बंदीपासून 2023च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत न्यायालयात फिरला, तो याच कायद्यावरून. तिसरी अडचण लॉटरीची: राज्याची किंवा राज्याने परवानगी दिलेली नसलेली लॉटरी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली गुन्हा आहे. चौकोन विकून गाय सोडण्याचा खेळ इथे जसाच्या तसा आणला, तर संयोजकांना गायीआधी वकील शोधावा लागेल.

उरतो तो पुतळ्यांचा मार्ग, आणि तो आपल्या अंगणात आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूर-विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुलं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत घरोघर नेतात, लोक त्यांना बोजारा देतात, सजावटीच्या स्पर्धा होतात. बैल मुलांचा, मिरवणूक मुलांची, दया कुठेच नाही. 2018 मध्ये रंगवलेले हत्ती मुंबईतही मांडले गेले होते, हत्तींच्या वाटा राखण्यासाठी पैसे जमवायला. म्हणजे प्राण्याचे पुतळे रंगवून निधी उभारणं आपल्याला नवं नाही. शाळांनी, चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि गावच्या सुतारांनी मिळून मोठे लाकडी बैल घडवावेत, ते महिनाभर चौकाचौकांत उभे करावेत, मुलांनी नकाशा घेऊन ते शोधत हिंडावं. शेवटी काही बैल लिलावात जावेत आणि काही, ब्रिस्टलची चूक टाळायला, घरटी ठरावीक छोट्या वर्गणीतून वॉर्डांनी किंवा वस्त्यांनी मिळून घ्यावेत. म्हणजे बंगल्याच्या अंगणाइतकाच चाळीच्या दारातही बैल उभा राहील.

प्रत्येक संयोजकाने पहिली तिकीटपावती छापण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. जिवंत प्राणी असेल तर तो रोज करतो त्यापेक्षा वेगळं काही त्याच्याकडून करवून घेणार आहोत का. उत्तर हो असेल, तर तो प्रकार सोडून द्यावा. मुलं या खेळात खेळाडू आहेत की जाहिरात. आणि 100 रुपयांतले किती मुलांपर्यंत पोचतील, तसंच त्यातलं कोणतं काम खरं तर शासनाने किंवा मालकाने करायला हवं होतं. पहिल्या दोन प्रश्नांना गेल्या सव्वाशे वर्षांत बऱ्यापैकी उत्तरं सापडली आहेत. तिसऱ्याचं उत्तर कुठलाही प्राणी देणार नाही. ते शाळेच्या फळ्यावर, आकड्यांत आणि कार्यक्रम संपल्यावर आठवड्याच्या आत लिहावं लागतं. आणि त्यात शासनाच्या वाट्याची ओळ निघाली, तर तिच्याखाली निवेदनाची तारीखही.